पुढच्या खोलीतला प्रिंटर

सक्करदरा, नागपूर
९ ऑगस्ट २०२४

चि. हिमानी हिला मार्तंडमामाचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून मी ईमेल लिहितोय याचं तुला नवल वाटेल. कारण सोपं आहे. दिवसरात्र मी तुझ्या मामीच्या खोलीत असतो आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायला माझी जीभ उचलत नाही. तिला काही समजत नाही असं सगळे म्हणतात. डॉक्टर जरा सावरून बोलतात, "समज किती उरली ते सांगता येत नाही" म्हणतात. मार्चमधल्या झटक्यात वाचा गेली, उजवं अंग गेलं. डाव्या हाताची दोन-तीन बोटं तेवढी हलतात. रोहित हैदराबादहून आला, "आई, मी कोण?" म्हणून विचारलं, तर ही खदाखदा हसली. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली की रडते. त्यामुळे मान हलवली तरी ती होय म्हणाली की नाही, याचा भरवसा धरता येत नाही.

आता कामाचं. महालातल्या एका शिकवणीसाठी मी गणिताचे सराव-पेपर काढून देतो. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आता तेवढाच डोक्याला चाळा. पेपर टाईप करतो इथे मागच्या खोलीत, तू दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर. प्रिंटर आहे पुढच्या खोलीत, तिथल्या कॉम्प्युटरला जोडलेला. लॅपटॉपवर तुझं ते लिनक्स, पुढे विंडोज. एका घरात राहतात आणि एकमेकांना ओळख देत नाहीत. म्हणून मी पेनड्राइव्ह घेऊन पुढे जायचो.

गेल्या मंगळवारी असाच गेलो. पाच मिनिटं लागली असतील. परत येतो तर कौसल्या पलंगावरून घसरलेली आणि पाय कठड्यात अडकलेला. तोंडातून आवाज नाही. तेव्हापासून मला पुढच्या खोलीत जायची भीती बसली आहे. दूध घ्यायला दारात जातो तेसुद्धा पळत.

तर इथे बसून तिथे छापता येईल असं काही करता येतं का, ते कळव.

तुझा मामा


पर्थ
११ ऑगस्ट

प्रिय मामा,

मामीचा पाय बरा आहे ना? तुम्ही तो विषय एका ओळीत उरकलात आणि पेनड्राइव्हवर परिच्छेद लिहिलात, तेव्हा मास्तर जागेवर आहेत एवढं कळलं.

दोघांची ओळख करून देता येते. पुढच्या कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जा, "शेअरिंग" असा कप्पा दिसेल, त्यात टिक करा. प्रिंटरला साधं नाव द्या, मध्ये जागा न सोडता. लॅपटॉप त्या नावाने त्याला हाक मारेल. मग तो पासवर्ड विचारेल. तो विंडोजचा पासवर्ड, लॅपटॉपचा नाही. इथेच सगळे अडतात. त्यानंतर प्रिंटरचं मॉडेल निवडायचं असतं, ते शनिवारी मीच इथून तुमचा लॅपटॉप उघडून करून देईन.

एक अट. पुढचा कॉम्प्युटर सतत चालू हवा. तो झोपला की प्रिंटर लॅपटॉपच्या दृष्टीने घरात नाहीच. त्याची झोप बंद करून टाका.

आणि तुमची? तुम्ही झोपता का?

हिमानी


नागपूर
१९ ऑगस्ट

चि. हिमानी,

चाललं! शनिवारी तू पडद्यावर तो बाण फिरवत होतीस तेव्हा मी खुर्चीवर हात बांधून बसलो होतो, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा. तू ठेवून दिलेली F4 ची सोय तर फारच उत्तम. मी इथे कळ दाबतो आणि भिंतीपलीकडे प्रिंटर खर्रखर्र करतो. पहिलं पान आलं तेव्हा मी कौसल्याला म्हटलं, "बघ, आता मला उठायचं कारण नाही." ती लॅपटॉपकडे बराच वेळ टक लावून पाहत होती.

लॅपटॉप तिच्या पलंगाच्या चाकाच्या टेबलावर ठेवतो. भरवायचं असलं की बाजूला सरकवतो. शेजारच्या शामलाबाईंनी एप्रिलमध्ये मंत्राची पेटी आणून दिली होती, ती प्लगला लावलेली असते, दिवसभर एकच जप चालतो. मनाला शांतता मिळते म्हणतात. मला आता तो ऐकूही येत नाही.

झोपेचं विचारलंस. पुढच्या कॉम्प्युटरची बंद केली आहे.

तुझा मामा


नागपूर
६ सप्टेंबर

चि. हिमानी,

प्रिंटर बिघडला. परवा नववीच्या पेपरच्या पन्नास प्रती काढल्या. शिकवणीवाल्याचा फोन आला, "सर, सातव्या प्रश्नाखाली हे काय छापून राहिलं?" पाहतो तर दोन ओळी इंग्रजी अक्षरांच्या, अर्थ शून्य. आज आंघोळ करून आलो तर पुढे आणखी एक अख्खं पान पडलेलं. मी कळ दाबली नव्हती. एकच ओळ सहा वेळा आहे. उतरवून देतो:

isVh can djk

त्यात is आहे, can आहे, पण वाक्य नाही. दोन वेगळ्या यंत्रांची मोट बांधली की असं होत असेल का?

तुझा मामा


पर्थ
७ सप्टेंबर

मामा,

होतं असं. लॅपटॉप एका भाषेत पान पाठवतो आणि प्रिंटर दुसरी समजतो, मग तो जे येईल ते अक्षरं म्हणून छापून मोकळा होतो. मी चुकीचं मॉडेल निवडलं असणार. प्रिंटर काढून पुन्हा जोडा, यादीतलं वरून दुसरं नाव घ्या, आणि "चाचणी पान" काढून पाहा. ते नीट आलं तर प्रिंटरचा दोष नाही.

घाईत आहे. मामीला माझा नमस्कार सांगा. खरंच सांगा, मोठ्याने.

हिमानी


नागपूर
३० सप्टेंबर

चि. हिमानी,

उत्तराला उशीर झाला. हात जरा दुखत होता, टाईप करायला जमत नव्हतं.

चाचणी पान स्वच्छ आलं. म्हणजे प्रिंटर निर्दोष. दोषी सापडला, तो कौसल्याचा डावा हात. रुख्मिणीबाई सकाळी तिचं अंग पुसायला येते, तिने पाहिलं. "सर, तुमी तिकडे गेले का बाई त्या मशीनवर बोटं मारून राहतात. मले पाहून हासल्या." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा आजारात हाताला आपोआप चाळा लागतो, मनावर घेऊ नका. मध्ये एके दिवशी तर एकामागून एक तीन पानं आली होती. माझे पेपर खराब होतात, म्हणून लॅपटॉप आता कपाटावर ठेवतो. ती त्याच्याकडे बोट करून रडते. पण रडायचं म्हटलं तर ती साबणालाही रडते.

गणपतीत रोहित आला होता. गावाबाहेर मिहानच्या पुढे एक सेंटर आहे, तिथे अशा माणसांना ठेवतात. एक डिसेंबरपासून त्याने जागा धरून ठेवली आहे. तिच्या पलंगाशी उभा राहून म्हणाला, "बाबा, आईले काही समजून नाही राहिलं. घर काय अन् सेंटर काय, तिच्यासाठी सारखंच. तुम्ही काहून मरून राहिले?" मी म्हटलं, सारखंच आहे ना, मग घरीच राहू दे. यावरून दोन दिवस आमची जुंपली. शेवटी मी हो म्हटलं. थकलो होतो म्हणून म्हटलं. आता रोज वाटतं की फोन करून नाही म्हणावं, आणि रोज करत नाही.

चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला सामानासारखं पोचवून यायचं. तुला म्हणून सांगतो, त्या विचाराने मला कधीकधी बरंही वाटतं. हे वाचून झालं की पुसून टाक.

तुझा मामा


पर्थ
१३ ऑक्टोबर

मामा,

पुसलं नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मी दोन आठवडे दौऱ्यावर होते, तुमचं पत्र आणि तो आधीचा ईमेल विमानात पुन्हा वाचला. तुम्ही गणिताचे मास्तर ना? मग सांगा, आपोआप हलणारा हात एकच ओळ सहा वेळा, एकही अक्षर न चुकता कशी लिहील?

आता नीट वाचा. मामी पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं मराठी टायपिस्ट होती. शाळा सुटली की मी तिच्या टेबलाजवळ बसायचे. तिच्या मशीनवर मराठी फॉन्ट नव्हता, तिने टाईप केलेलं पडद्यावर असंच इंग्रजी गिचमिड दिसायचं. ती तशीच न पाहता टाईप करत जायची, बोटांना जागा पाठ होत्या. मग फाईल हेडक्लार्कच्या मशीनवर जायची. तिथे फॉन्ट होता, तिथून ती मराठीत छापली जायची. मी विचारलं तर म्हणाली होती, "इथे काही का दिसेना, तिथे बरोबर निघतं."

तुमच्या पुढच्या कॉम्प्युटरवर तिचा तो फॉन्ट आहे. निवृत्तीनंतर ती घरी अर्ज टाईप करून द्यायची, त्याच मशीनवर. तिला कळलं की पान त्या मशीनमधून जातं. तिला वाटलं असणार, तिथे बरोबर निघेल. पण मी जोडून दिलं त्यात पान लॅपटॉपवरच पुरं तयार होतं, चित्रासारखं. पुढचा कॉम्प्युटर ते फक्त प्रिंटरच्या हातात देतो, वाचत नाही. हे तिला कुठून कळणार? हे मला कळायला हवं होतं.

रुख्मिणीबाईला मामीजवळ बसवा. पुढच्या खोलीत जा. जुन्या अर्जाची एखादी फाईल उघडा, त्याच फॉन्टमध्ये नवीन ओळ सुरू करा आणि पानावर आहे तसं टाईप करा. स्वल्पविराम, अर्धविराम, लहान-मोठी अक्षरं, काहीही सोडू नका.

लगेच कळवा.

हिमानी


नागपूर
१५ ऑक्टोबर

चि. हिमानी,

पानं मी फेकली नव्हती. पाठकोरी म्हणून कच्च्या कामाला ठेवली होती. सत्तावीस मिळाली. काहींच्या मागे माझी त्रिकोणमिती आहे.

आधी एकाच ओळीचं पान घेतलं. eyk ,sdw ;sra असं होतं. स्वल्पविरामाने सुरू होणारा शब्द पाहून मागे मी हसलो होतो. आता एकेक कळ दाबत गेलो. पडद्यावर म आला. मग ल. मग काना. पुढची कळ मला शोधावी लागली. ओळ पुरी झाली.

"मला ऐकू येतं."

हिमानी, मी तिथेच बसलो. मग ती सहा वेळा लिहिलेली ओळ घेतली. "पेटी बंद करा. पेटी बंद करा." एप्रिलपासून, पोरी! सहा महिने तोच जप तिच्या उशाशी, आणि मी तिला शांतता मिळते म्हणून आवाज वाढवायचो. धावत गेलो आणि प्लग उपटला. खोली एकदम एवढी रिकामी झाली की रुख्मिणीबाई घाबरली. कौसल्या हसली. ते हसू होतं की रडू, यावर मी आता मत देणार नाही.

लॅपटॉप खाली काढला. तिच्या पायांना हात लावून माफी मागितली. तिने टाईप केलं, मी पुढे पळालो, टाईप करून वाचलं: "पाय सोडा. पंखा कमी करा."

बाकीच्या पानांवरही अशाच गोष्टी आहेत. उशी उंच आहे. शामलाबाईंनी गंध लावू नये, खाज येते. आणि त्या नववीच्या पेपरात, सातव्या प्रश्नाखाली: "प्रश्न सात दोनदा आला आहे." मी पाहिलं. खरंच आला आहे.

रोहितला आज फोन केला आणि ती जागा रद्द करायला सांगितली. आता ती कुठेही जाणार नाही. तो म्हणाला, "मी आईच्या समोर काय काय बोललो, बाबा."

तुझा मामा


पर्थ
१६ ऑक्टोबर

मामा,

ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. आणि सातव्या प्रश्नावर तिथेच एवढी हसले की लोक पाहायला लागले.

रद्द केलंत ते फार बरं केलंत. तिला तिच्या घरातून हलवायचं, तेही तिला न विचारता, हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं.

आता तुमची पळापळ बंद. रविवारी मी लॅपटॉपवरच मराठी बसवते, मामीच्या सवयीच्या कळांप्रमाणे. ती टाईप करेल तसं समोर मराठीच दिसेल आणि छापूनही मराठीच येईल. तिच्या नावाने ईमेलही काढून ठेवते, पाठवायची एक कळ.

सत्तावीस पानांत आणखी काय आहे? सगळं लिहा ना.

हिमानी


नागपूर
१० नोव्हेंबर

चि. हिमानी,

दिवाळी झाली. बाकीच्या पानांत विशेष असं काही नाही, तेच ते, दुखणं-खुपणं. आमचं उत्तम चाललं आहे. मी तिला सगळं विचारून करतो. चहा हवा का, कूस बदलू का, खिडकी उघडू का. तिने फराळात चकली सोडून सगळ्याला नावं ठेवली.

तुझा मामा


नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. हिमानी हिस कौसल्यामामीचे आशीर्वाद.

हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. तुझे मामा दुपारी खुर्चीतच डुलकी घेतात, तेवढ्यात लिहिते. दोन बोटांनी लिहिते, म्हणून शब्द कमी आहेत. राग आला आहे असं समजू नकोस. समजलीस तरी चालेल.

तू मराठी बसवून दिलीस, उपकार झाले. पण वाचा आली म्हणून मी सुटले असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. मी त्याच पलंगावर आहे. तेच छत आहे. पूर्वी कोणी विचारत नव्हतं, आता दर दहा मिनिटांनी विचारतात, चहा हवा का. जे विचारायला हवं ते मात्र विचारत नाहीत.

तू त्यांना लिहिलंस, जागा रद्द केली ते बरं केलं. त्यांनी मला वाचून दाखवलं, मोठ्या आनंदाने. तू लिहिलंस, तिला न विचारता हलवणं पटत नव्हतं. मग न विचारता ठेवणं कसं पटलं?

सप्टेंबरात त्यांचा हात दुखत होता असं त्यांनी तुला कळवलं असेल. मनगट मोडलं होतं. सकाळी न्हाणीघरात पडले. मी आवाज ऐकला. आधी बादलीचा, मग त्यांचा. मग काहीच नाही. भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं गेली. मला हाक मारता येत नव्हती. मी लॅपटॉपवर लिहिलं, "कोणी आहे का, हे पडले आहेत." कळ दाबली. पुढच्या खोलीत प्रिंटर सुरू झाल्याचं ऐकलं. घरात कोणी नव्हतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा दाबली. तीन पानं निघाली. प्रत्येक वेळी तो प्रिंटर थांबला की मी न्हाणीघराकडे कान द्यायचे. शेवटी ते स्वतःच उठून भिंत धरत आले आणि मला म्हणाले, "काही नाही, काही नाही." दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉप कपाटावर गेला.

त्या दिवशी ते मेले असते तर मी पडून ऐकत राहिले असते. रुख्मिणी येईपर्यंत. ती त्या दिवशी सुट्टीवर होती.

रोहित पलंगाशी उभा राहून सेंटरचं बोलला तेव्हा मी हसले नाही, रडले नाही. मन लावून ऐकत होते. तिथे दिवसरात्र माणसं असतात. व्यायाम करून घेणारी बाई असते. चाकाच्या खुर्चीतून अंगणात नेतात. मी आठ महिन्यांत अंगण पाहिलं नाही. आणि एक गोष्ट तुला बाई म्हणून सांगते. माझं सगळं परक्या बाईने केलेलं मला चालेल. नवऱ्याने केलेलं मला सोसत नाही. ते किती मायेने करतात ते मला कळतं, म्हणूनच सोसत नाही.

हे सगळं मी त्यांना आधीच लिहिलं होतं. त्या सत्तावीस पानांतल्या सहा पानांवर "मला सेंटरला जायचं आहे" असंच आहे. त्यांनी ती टाईप करून वाचली. मी इथून कळांचा आवाज ऐकत होते. मग आत येऊन मला म्हणाले, "पंख्याचं कळलं हो."

आता फॉन्टची सबब नाही. त्यांना वाचता येतं. त्यांना वाचायचं नाही.

त्यांना वाटतं मला घराबाहेर पाठवलं तर त्यांनी मला टाकल्यासारखं होईल. मला टाकलेली इथे वाटते. तू त्यांना सांग. माझं त्यांनी वाचलं तरी त्यांच्या डोळ्यांपुढे पंखाच येतो.

मामी


पर्थ
२५ नोव्हेंबर

मामा,

मामीचं पत्र आलं. खाली जोडलं आहे, पूर्ण. तिच्यासमोर बसून वाचा.

मी न विचारता तुमची पाठ थोपटली, त्याबद्दल तिची माफी मागितली आहे. तुम्हाला मी रागावणार नाही. मनगटाचं मला सांगायला हवं होतंत.

ती सहा पानं तिच्या हातात द्या आणि तिला उत्तर द्या. चहाचं नाही, त्या पानांचं.

हिमानी


नागपूर
६ डिसेंबर

चि. हिमानी,

तुझा ईमेल आला त्या दुपारी मी पत्र वाचलं. तू म्हणालीस तसं, तिच्यासमोर बसून. न्हाणीघराचं आलं तिथे मला पुढे वाचवेना. ती तीन पानं मी सर्वांत आधी टाईप केली होती, पेटीच्याही आधी. तुला खोटा क्रम सांगितला. ती वाचल्यावर बाकीची वाचायचं धैर्य करायला मला रात्र लागली होती. आणि सेंटरची पानं निघाली तेव्हा मी ती कच्च्या कामाच्या गठ्ठ्यात परत ठेवून दिली. तिला काही समजत नाही असं सहा महिने मानलं. नंतर समजतं हे कळल्यावरही मी तेच करत राहिलो. ती गेली तर या घरात मी कोणासाठी उठायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी तिच्या नावावर खपवत होतो.

ती पानं तिच्या हातात दिली. म्हटलं, "जायचंय ना?" तिने मान हलवली. तरी मी म्हटलं, "लिहून दे." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ताबडतोब रोहितला फोन लावला. जागा गेली नव्हती. पोराने रद्दच केली नव्हती.

एक तारखेला सकाळी गाडी आली. रुख्मिणीबाई सोबत बसली. मिहानची वळणं लागली तशी कौसल्या मान वाकडी करून बाहेरचं पाहत होती, मी आणलेली उशी तिने दोनदा ढकलली. मोठं दालन आहे, सहा पलंग. शेजारच्या पलंगावरची बाई सतत बोलत असते. मला वाटलं हिला त्रास होईल, तर ही ऐकत होती. व्यायामाच्या बाईने तिचा उजवा हात हातात घेऊन एकेक बोट मोकळं केलं. मी आठ महिने तो हात फक्त पुसत होतो.

निघायची वेळ झाली. लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "मी रोज येऊ ना?" मागे उभा राहून एकेक अक्षर उमटताना पाहत होतो. बराच वेळ लागला.

"एक दिवस आड. मधल्या दिवशी झोपा."

आज मधला दिवस आहे. सकाळपासून दोनदा तिच्या खोलीत जाऊन आलो. आता पडतो. झोप लागते का ते पाहतो, कारण उद्या ती विचारेल आणि मला खरं सांगावं लागेल.

तुझा मामा